चौघांचं एक वॉलेट, चोवीस शब्द आणि समाजवादाचा वाद

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : चार मित्रांनी मिळून बिटकॉइन घेतलं, प्रत्येकाने कमी-जास्त पैसे घातले. वॉलेट एकच, आणि ते पुन्हा उघडून देणारे चोवीस शब्दही एकच. ते शब्द एका कागदावर आहेत आणि सोयीसाठी त्या कागदाचा फोटो एकाच्या फोनमध्ये आहे. शब्द ठेवायचे कुठे यावर बोलणं सुरू झालं आणि भलतीकडेच गेलं. एक म्हणतो, सगळ्यांना सगळे शब्द द्या, हाच खरा साम्यवाद. दुसरा म्हणतो, एकाने सगळ्यांच्या वतीने सांभाळावेत, हा समाजवाद. तिसऱ्याचं म्हणणं, दोन्ही एकच, सरकारने लोकांचं हिसकावून घेणं, आणि क्रिप्टो जन्माला आलं ते त्याच्याविरुद्धच. चौथे तुम्ही. तुम्हाला दोन्ही गोष्टी नीट समजून घ्यायच्या आहेत.

वॉलेट बसवून देणं आणि अडकलेली वॉलेट उघडून देणं हे काम मी बरीच वर्षं करतो. राजकीय विचारांच्या इतिहासाचं वाचन त्याच्याही आधीपासूनचं आहे. म्हणून दोन्हींवर लिहितो. पण आधी तो फोटो.

फोटो पुसून भागणार नाही. फोनमधला फोटो बहुतेक वेळा आपोआप क्लाउडवर गेलेला असतो, पुसलेल्या फोटोंच्या कप्प्यात काही दिवस पडून असतो, आणि फोनचा बॅकअप घेतला असेल तर तिथेही असतो. फेब्रुवारी 2025 मध्ये कॅस्परस्की या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी स्पार्ककॅट नावाचं एक घातक सॉफ्टवेअर उघड केलं. अधिकृत अ‍ॅप स्टोअरवरच्या काही अ‍ॅपमध्ये लपलेला हा कोड फोनच्या गॅलरीतल्या चित्रांमधला मजकूर वाचायचा आणि रिकव्हरी शब्द दिसले की ते चित्र बाहेर पाठवायचा. तेव्हा तुमचं गुपित फुटलं आहे असंच धरून चाला. नवं वॉलेट, नवे शब्द, आणि सगळी नाणी तिकडे हलवा. पासवर्ड मॅनेजर, ईमेलचा ड्राफ्ट, नोट्सचं अ‍ॅप यांनाही हाच नियम. 2022 मध्ये लास्टपास या पासवर्ड मॅनेजरच्या ग्राहकांच्या कूटबद्ध तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या. ज्यांचा मुख्य पासवर्ड कच्चा होता, त्यांच्या प्रतींवर चोर निवांतपणे कितीही दिवस डोकं चालवू शकतो. ज्यांनी त्यात शब्द ठेवले होते त्यांना नाणी हलवण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

आता हे शब्द म्हणजे काय ते. 2013 मध्ये बीआयपी-39 या नावाने हे प्रमाण मांडलं गेलं. 2048 शब्दांची ठरलेली यादी, एकेका शब्दात 11 बिट (एक बिट म्हणजे 0 किंवा 1) माहिती. बारा शब्दांत 128 बिट यादृच्छिक आणि 4 बिट पडताळणीचे. चोवीस शब्दांत 256 आणि 8. यातूनच वॉलेटच्या सगळ्या किल्ल्या गणिताने पुन्हा तयार होतात. वॉलेटचं उपकरण फुटलं, हरवलं, कंपनी बंद पडली तरी हरकत नाही. त्या प्रमाणाला धरून चालणाऱ्या दुसऱ्या वॉलेटमध्ये हे शब्द घातले की सगळं परत येतं. आणि शब्द दुसऱ्याच्या हाती पडले तर त्याच्याकडेही सगळं तसंच येतं.

इथे आपल्या भाषेतले दोन शब्द फार कामाचे आहेत : ताबा आणि मालकी. शेत माझ्या नावावर असेल आणि कसत दुसरा असेल, तर मालकी माझी, ताबा त्याचा. वाद झाला तर कागद काढतो, कोर्टात जातो. बिटकॉइनच्या नेटवर्कला यातलं फक्त एकच कळतं, ताबा. ज्याच्या हाती ससा तो पारधी, हा तिथला पहिला आणि शेवटचा कायदा. कोणी किती पैसे घातले, कोणाचा हिस्सा किती, हे त्या नेटवर्कच्या नोंदींच्या साखळीवर (ब्लॉकचेनवर) कुठेही लिहिलेलं नसतं. तुमच्या चौघांचं भांडण दिसायला समाजवादाचं असलं तरी मुळात ते या दोन शब्दांचं आहे. मोठ्या वादातली गाठही तिथेच आहे, त्याकडे नंतर येतो.

शब्द लिहिण्यापासून सुरुवात करू, कारण सर्वाधिक नुकसान चोरीने होत नाही, लिहिण्यातल्या चुकीने होतं. निदान माझ्याकडे आलेल्या प्रकरणांत तरी असंच दिसलं. एक बाई घडी घातलेला कागद घेऊन आल्या होत्या. त्यांच्या वडिलांनी चोवीस शब्द देवनागरीत लिहिले होते, परक्या माणसाला कळू नयेत म्हणून. अक्षर सुरेख, क्रमांक घातलेले, कागद कोरडा. अडचण फक्त दोन ठिकाणी. नवव्या जागी 'राइट' होतं आणि एकोणिसाव्या जागी 'पेअर'. त्या इंग्रजी यादीत 'राइट' असा उच्चार होणारे दोन शब्द आहेत, एक बरोबर या अर्थाचा आणि एक लिहिण्याचा. 'पेअर' उच्चाराचेही दोन, जोडी आणि नासपती. चारच शक्यता असल्यामुळे काम पटकन झालं. चुकीच्या जुळण्या शेवटच्या शब्दातल्या पडताळणीने फेटाळल्या आणि उरलेल्या एकीत नाणी सापडली. वडिलांनी आणखी चार-पाच शब्द घाईने लिहिले असते, एखादा वगळला असता, तर मात्र ते काम फार लांबलं असतं.

यादी जपानी, कोरियन, स्पॅनिश, फ्रेंच अशा काही भाषांतही आहे, मराठीत नाही. म्हणून उपकरणाच्या पडद्यावर रोमन लिपीत जसे दिसतात तसेच, मोठ्या सुट्या अक्षरांत, क्रमांक घालून लिहा. प्रत्येक शब्द पहिल्या चार अक्षरांवरून ओळखता येतो अशीच ती यादी बांधली आहे, त्यामुळे पहिली चार अक्षरं निःसंदिग्ध असली की निभावतं. पण 'कार्ड' आणि 'कार्ट' दोन्ही यादीत आहेत आणि फरक चौथ्याच अक्षरात आहे. घाईत काढलेला 'डी' आणि 'टी' सारखा दिसला तर झालं. लिहून झाल्यावर दुसऱ्या दिवशी ताज्या डोळ्यांनी कागद वाचा.

शब्द स्वतःच्या मनाने निवडू नका. माणसाला यादृच्छिक निवडता येत नाही. सॉफ्टवेअरलाही ते नेहमी जमतं असं नाही. 2023 मध्ये लिबबिटकॉइन या बिटकॉइन सॉफ्टवेअरच्या एका साधनात दोष सापडला. ते शब्द दिसायला चोवीस होते, पण त्यांच्या मागची यादृच्छिकता फक्त 32 बिटची, म्हणजे जवळपास 429 कोटी शक्यता, आणि एवढ्या शक्यता संगणक सहज चाळून काढतो. चांगल्या हार्डवेअर वॉलेटवर, म्हणजे किल्ल्या आतच ठेवणाऱ्या छोट्या उपकरणावर, तयार झालेले शब्द घ्या. काही उपकरणं फाशांचे आकडे घेऊन शब्द काढून देतात; साध्या फाशाच्या 99 फेकी केल्या की 256 बिटच्या जवळ पोहोचता येतं.

क्रम बदलून ठेवतो, एक शब्द डोक्यात ठेवतो, उलटे लिहितो, अशा घरगुती युक्त्या मी फार पाहिल्या आहेत आणि त्यांचं मला मनापासून वाईट वाटतं. बारा शब्दांचे क्रम लावण्याचे प्रकार 47 कोटी 90 लाख. पडताळणीमुळे त्यातले सोळांतला एकच खरा ठरतो, म्हणजे जेमतेम तीन कोटी. चोराला तेवढं काहीच नाही. चोवीस शब्दांचे क्रम मात्र इतके प्रचंड की तुम्ही स्वतः युक्ती विसरलात तर तुम्हीही कायमचे बाहेर. युक्ती चोराला अडवत नाही, मालकाला अडवते. तीन कार्डांवर वाटून ठेवायचे, कोणतीही दोन मिळाली की पूर्ण होतील, ही युक्तीही अशीच फसवी. बारा शब्दांपैकी आठ असलेलं एक कार्ड कोणाला सापडलं तर चार शब्द उरतात, म्हणजे पडताळणीचे 4 बिट वजा जाता 40 बिट, सुमारे 1 लाख 10 हजार कोटी शक्यता. ऐकायला भयंकर वाटतं, पण ताकदीच्या यंत्रांच्या आवाक्यातलं आहे.

कागदाचे शत्रू आग, पाणी, वाळवी आणि साफसफाई. प्रिंटर वापरू नका. बऱ्याच प्रिंटरांच्या आत मजकूर साठून राहतो, आणि इंकजेटची शाई ओलीने पसरते. लॅमिनेशनने पाण्यापासून वाचतं, आगीत मात्र प्लास्टिक वितळून कागद आणि अक्षरं एक होतात. रक्कम किरकोळ नसेल तर धातूच्या पट्टीवर ठोकून घ्या. स्टेनलेस स्टील सुमारे 1400 अंश सेल्सिअसला वितळतं, अ‍ॅल्युमिनियम 660 ला, आणि घराच्या आगीत तापमान हजाराच्या आसपास जाऊ शकतं. त्यामुळे अ‍ॅल्युमिनियमची पट्टी घेऊ नका. अक्षर ठोकलेलं, खोल उठलेलं असावं. वरवर कोरलेलं किंवा रंगाने छापलेलं टिकेलच असं नाही. अशा दोन प्रती, दोन वेगळ्या इमारतींत. एकाच कपाटाच्या दोन कप्प्यांत ठेवलेल्या प्रती एकाच आगीत जातात.

सगळी रक्कम घालण्याआधी एकदा उलटी वाट चालून पाहा. नव्या वॉलेटमध्ये अगदी थोडी रक्कम पाठवा, वॉलेटचा पहिला पत्ता (ज्यावर नाणी येतात तो) लिहून घ्या, उपकरण पूर्ण पुसा, आणि फक्त तुमच्या पट्टीवरून वाचून शब्द परत घाला. तोच पत्ता आणि तीच रक्कम दिसली तर तुमचा बॅकअप खरा. हे न करता वर्षानुवर्षं निर्धास्त राहिलेले लोक मी पाहिले आहेत, आणि दहाव्या शब्दाच्या जागी अकरावाच दोनदा लिहिला गेल्याचं त्यांना गरज पडली त्या दिवशी कळलं.

पासफ्रेझ म्हणजे शब्दांच्या जोडीला तुम्ही स्वतः ठरवलेलं आणखी एक वाक्य. ते उपयोगी आहे, फक्त एक गोष्ट नीट समजून घ्या : चुकीचं पासफ्रेझ असं काही नसतंच. एक अक्षर चुकलं तरी वॉलेट उघडतं, फक्त वेगळं आणि रिकामं. कोणी 'चूक' म्हणत नाही. त्यामुळे पासफ्रेझही लिहून ठेवावं लागतं, शब्दांपासून दूर. डोक्यात ठेवलेलं पासफ्रेझ माणसाबरोबर जातं.

शब्द कोणी मागितले तर तो चोरच. यात अपवाद नाही. 2020 मध्ये हार्डवेअर वॉलेट बनवणाऱ्या लेजर कंपनीच्या ग्राहकांची यादी फुटली, अडीच लाखांहून अधिक लोकांचे टपालाचे पत्ते बाहेर आले. पुढच्या वर्षी काहींच्या घरी कंपनीच्या नावाने खोटी उपकरणं आली, सोबत सुबक पत्र की सुरक्षेसाठी या नव्यात शब्द भरा. शब्द संगणकावर, वेबसाइटवर, फोनवर टाइप करायचे नाहीत. ते फक्त उपकरणाच्या स्वतःच्या पडद्यावर, आणि तेही परत मिळवताना.

आता तुम्ही चौघे.

सगळ्यांना सगळे शब्द दिले तर चोरीच्या चार वाटा उघडतात. चौघांपैकी सर्वांत निष्काळजी जो असेल तेवढंच तुमचं वॉलेट सुरक्षित. आणि नाणी गेली तर कोणी नेली हे कधीच सिद्ध करता येणार नाही, कारण साखळीवर चौघांची सही एकच. मैत्री तुटते ती इथे. एकाकडेच दिले तर तो आजारी पडला, रागावला, वारला, तर तिघांच्या हाती काही नाही. सहा-सहा शब्द वाटून घेतले तर एकाचा कागद हरवला की चौघेही बुडाले.

आदी शामिर यांनी 1979 मध्ये गुपित वाटून ठेवण्याची एक गणिती रीत मांडली. तिच्यावर आधारलेलं एसएलआयपी-39 हे प्रमाण काही वॉलेट वापरतात. ठरवाल तितके तुकडे जमले तरच गुपित उलगडतं, त्याहून कमी तुकड्यांतून काहीही कळत नाही. गणित निर्दोष आहे. पण खर्च करायच्या क्षणी सगळं गुपित एका उपकरणात एकत्र येतं. ते उपकरण कोणाचं, हा प्रश्न उरतोच. एकट्या माणसाला आपल्याच शब्दांचे तुकडे वेगवेगळ्या जागी ठेवायचे असतील तर ही रीत उत्तम. चौघांच्या सामाईक पैशाला ती पुरत नाही.

तुम्हाला हवं ते मल्टिसिग. चौघांनी चार वेगळी उपकरणं घ्यायची, प्रत्येकाने आपले शब्द आपल्यापुरते तयार करायचे आणि दुसऱ्या कोणालाही दाखवायचे नाहीत. वॉलेट असं बांधायचं की चारपैकी कोणत्याही तिघांच्या सह्या झाल्याशिवाय नाणं हलणार नाही. एकाचं उपकरण आणि शब्द दोन्ही गेले तरी बाकीचे तिघे सगळं नव्या वॉलेटमध्ये हलवू शकतात. एकाला मोह झाला, किंवा दोघांनी संगनमत केलं, तरी हाती काही लागत नाही. दोन सह्यांवर वॉलेट बांधलं तर हरवण्याची भीती कमी होते, पण दोघे मिळून उरलेल्या दोघांना बुडवू शकतात. मी तीनच सुचवेन, आणि प्रत्येकाने आपल्या शब्दांच्या दोन धातूच्या प्रती करायच्या या अटीवर.

एक गोष्ट लोक हमखास विसरतात. मल्टिसिगमध्ये फक्त शब्द जपून भागत नाही. वॉलेट परत उभं करायला सगळ्यांच्या सार्वजनिक किल्ल्या (ज्यांवरून पत्ते तयार होतात, पण खर्च करता येत नाही) लागतात, ज्या सह्या करणार आहेत त्यांच्याच नव्हे. ही माहिती एका छोट्या फाइलमध्ये असते, तिला डिस्क्रिप्टर म्हणतात. माझ्याकडे तीनपैकी दोन सह्यांचं एक वॉलेट आलं होतं. दोन माणसांचे शब्द अगदी व्यवस्थित, तिसऱ्याचं उपकरण आणि शब्द नष्ट झालेले. दोन पुरेत म्हणून ते निर्धास्त होते. पण तिसऱ्याची सार्वजनिक किल्ली कोणाकडेच लिहिलेली नव्हती आणि तिच्याशिवाय पत्तेच तयार होईनात. शेवटी एका बंद पडलेल्या लॅपटॉपच्या डिस्कवर जुन्या वॉलेटची फाइल सापडली. ती सापडली नसती तर गणितात त्याला दुसरा रस्ता नव्हता. तेव्हा डिस्क्रिप्टरची प्रत चौघांनीही आपल्या शब्दांच्या शेजारी ठेवा. ती चोरीला गेली तर तुमची शिल्लक दुसऱ्याला दिसेल, खर्च करता येणार नाही.

हा झाला ताब्याचा बंदोबस्त. मालकी अजून कुठेच लिहिलेली नाही. ती साध्या कागदावर लिहा, चौघांच्या सह्यांनी : कोणी किती घातले, हिस्सा कसा मोजायचा, विकायचं कधी, एखादा गेला तर त्याच्या वारसांना काय. मल्टिसिगमध्ये किल्ली प्रत्येकी एक असते, मग पैसे कोणी दुप्पट घातलेले असोत.

तर मग हे काय झालं, समाजवाद की साम्यवाद? माझं प्रामाणिक उत्तर, दोन्ही नाही, आणि का नाही हे बघताना त्या दोन शब्दांचा अर्थ बराच उलगडतो.

समाजवादाचा मूळ प्रश्न आहे उत्पादनाच्या साधनांची मालकी कोणाची. जमीन, कारखाने, खाणी, यंत्रं, ज्यांवर दुसरी माणसं राबतात आणि ज्यांतून नवं मूल्य तयार होतं. तुमची नाणी ही तुमची बचत आहे, त्यांच्यावर कोणी राबत नाही. अंगावरचे कपडे, घर, साठवलेला पैसा ही एक गोष्ट, गिरणी ही दुसरी. 1848 च्या जाहीरनाम्यात मार्क्स आणि एंगल्स यांनी हा फरक स्वतःच केला आहे : रोख एकूण मालमत्तेवर नाही, भांडवली मालमत्तेवर आहे. सोव्हिएत संघाच्या 1936 च्या राज्यघटनेतही नागरिकाची कमाई, बचत आणि राहतं घर यांवरचा वैयक्तिक हक्क कलम 10 मध्ये नोंदवला होता. कागदावरचं आणि जमिनीवरचं यांत अंतर किती होतं हे मी झाकणार नाही. 1929 नंतरच्या सक्तीच्या सामुदायिक शेतीत शेतकऱ्यांची जमीन आणि गुरं काढून घेतली गेली आणि 1932-33 च्या दुष्काळात लाखो माणसं मेली. तुमच्या तिसऱ्या मित्राची भीती हवेतून आलेली नाही.

पण "सरकारने हिसकावून घेणं" ही समाजवादाची व्याख्या होऊ शकत नाही. 5 एप्रिल 1933 रोजी अमेरिकेत रूझवेल्ट यांनी आदेश काढला की लोकांनी थोडीफार सूट सोडून आपलं सोनं जमा करावं, औंसाला 20.67 डॉलर घ्यावेत. पुढच्या वर्षी तोच दर 35 डॉलर झाला आणि खासगी सोनं बाळगण्यावरची बंधनं 1974 च्या अखेरीस उठली. ते सरकार समाजवादी नव्हतं. उलट बाजूने, बिस्मार्कने जर्मनीत रेल्वे सरकारी केली तेव्हा त्याला समाजवाद म्हणणाऱ्यांवर एंगल्सनेच टीका केली होती. तंबाखूचा धंदा सरकारी करणं हा समाजवाद असेल तर नेपोलियनलाही संस्थापकांत मोजावं लागेल, असं तो म्हणत होता. सरकारची मालकी आणि समाजाची मालकी एक नव्हे, हा आक्षेप समाजवाद्यांच्या घरातूनच आलेला आहे. बिटकॉइन समाजवादाविरुद्ध जन्मलं या म्हणण्याचंही तसंच. त्याच्या साखळीतल्या 3 जानेवारी 2009 च्या पहिल्या ब्लॉकमध्ये (नोंदींच्या गठ्ठ्यात) वृत्तपत्राचा जो मथळा कोरलेला आहे तो ब्रिटनचे अर्थमंत्री बँकांना पुन्हा वाचवण्याच्या बेतात असल्याचा. राग मध्यस्थावर होता, बुडणाऱ्या बँकांवर आणि त्यांना सावरणाऱ्या सरकारवर.

साम्यवाद या शब्दाची अडचण आपल्या भाषेतही आहे. 'साम्य' म्हटलं की समानता, सगळ्यांना सारखं, हाच अर्थ डोक्यात येतो. मूळ युरोपीय शब्दात मात्र 'सामाईक' आहे. सारखं वाटणं आणि सामाईक असणं यांत फार फरक आहे. 1875 मध्ये जर्मन कामगार पक्षाच्या कार्यक्रमावर टिपणं लिहिताना मार्क्सने दोन टप्पे मांडले. पहिल्या टप्प्यात श्रमाप्रमाणे मोबदला, आणि त्यात विषमता उरतेच, कारण माणसं सारखी नसतात, कोणाच्या पाठीशी मोठं कुटुंब असतं. पुढच्या टप्प्यात कुवतीप्रमाणे काम आणि गरजेप्रमाणे वाटा. गरजेप्रमाणे म्हणजे सगळ्यांना सारखं नव्हेच. मार्क्सने दोन्ही टप्पे साम्यवादाचेच मानले होते. पहिल्याला समाजवाद हे नाव रूढ झालं ते लेनिनने 1917 मध्ये तसं मांडल्यावर. त्याच्या पुढच्या वर्षी बोल्शेविकांनी आपल्या पक्षाचं नाव कम्युनिस्ट केलं, आणि तेव्हापासून एकच शब्द दोन अर्थांनी चालतो : दूरचं ध्येय, आणि ते सांगणाऱ्या पक्षांची राजवट. सोव्हिएत संघ स्वतःला समाजवादी प्रजासत्ताकांचा संघ म्हणवत होता. 1961 च्या पक्ष-कार्यक्रमात साम्यवाद वीस वर्षांत उभारू असं वचन होतं, म्हणजे त्यांच्याच हिशेबाने तो तोवर आलेला नव्हता. समाजवादाचं कुटुंब त्याहून खूप मोठं आहे. सहकारी संस्था, नगरपालिकांची मालकी, निवडणुकीच्या वाटेने चालणारे पक्ष, सगळे त्यात येतात. जर्मनीच्या सामाजिक लोकशाही पक्षाने 1959 मध्ये मार्क्सवाद बाजूला ठेवला.

तुमच्या दुसऱ्या मित्राचा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण नकळत त्याने शंभर वर्षांहून जुन्या जखमेवर बोट ठेवलं आहे. एकाने सगळ्यांच्या वतीने सांभाळावं. ठीक, पण त्या एकाला सांभाळणार कोण? रशियन अराज्यवादी बाकुनिन आणि मार्क्स यांचा झगडा याच्याशीच येऊन थांबतो. कामगारांच्या नावाने सत्ता हाती घेणारे कामगार राहतील का, असं बाकुनिन विचारत होता. 1872 मध्ये हेगच्या अधिवेशनात त्याला कामगारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेतून काढलं गेलं, प्रश्न मात्र राहिला. 1957 मध्ये युगोस्लाव्हियाचे नेते टिटो यांचे एके काळचे सहकारी मिलोव्हान जिलास यांनी लिहिलं की मालकी सगळ्यांची म्हणवणाऱ्या राजवटीत एक नवा वर्ग उभा राहिला, पक्षाच्या अधिकाऱ्यांचा, कारण मालमत्तेचा ताबा त्यांच्याकडे होता. हेच ते दोन शब्द. मालकी सर्वांच्या नावावर, ताबा एकाच्या हाती. चोवीस शब्द एकाकडे ठेवणं म्हणजे हेच, चार माणसांच्या मापाचं.

आणि पहिल्या मित्राला सांगा, सामाईक म्हणजे बेवारस नव्हे. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना 2009 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते सामाईक कुरणं, पाण्याचे पाट, मासेमारीच्या जागा यांच्या अभ्यासासाठी. पिढ्यानपिढ्या टिकलेल्या सामाईक व्यवस्थांमध्ये हक्कदार कोण हे ठरलेलं होतं, नियम वापरणाऱ्यांनीच केले होते, देखरेख होती, चुकणाऱ्याला चढत्या क्रमाने दंड होता. सगळ्यांना सगळे शब्द देण्यात यातलं काहीच नाही.

तुमच्या तीन सह्यांच्या वॉलेटला जुन्या परंपरेतला एखादा नातलग शोधायचाच असेल तर तो सहकाराचा आहे. 1844 मध्ये इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या कामगारांनी जी संस्था काढली तिच्यात भाग कितीही असोत, मत माणशी एक. तुमच्याकडेही पैसे कमी-जास्त, किल्ली माणशी एक. पण तुम्ही काही उत्पादन करत नाही, तेव्हा कायद्याच्या आणि रोजच्या भाषेत ही भागीदारीच. तिला वाद लावायची गरज नाही, करारनामा लावायची आहे.

त्या करारनाम्यात एक कलम आत्ताच घालून ठेवा, कारण हे सगळ्यांना उशिरा सुचतं. एखादा बाहेर पडला तर त्याचा हिस्सा चुकता करून भागत नाही, त्याची किल्ली त्या वॉलेटमध्ये राहतेच आणि ती काढून टाकता येत नाही. उरलेल्या तिघांनी नव्या किल्ल्यांचं नवं वॉलेट उभं करायचं, थोडी रक्कम पाठवून आणि परत मिळवून तपासायचं, मग सगळी शिल्लक तिकडे न्यायची. जुन्या वॉलेटचे शब्द आणि डिस्क्रिप्टर मात्र लगेच फेकू नका. कोणीतरी जुन्या पत्त्यावर रक्कम पाठवतंच, आणि ती सोडवायला त्याच जुन्या तीन सह्या लागतात.